वासाच्या रकान्यातली सही

६ नोव्हेंबर १९८९, सोमवार

आज अकरावा दिवस. उजव्या गालात, भुवईच्या वर, दाढेच्या मुळापर्यंत दाब. खाली वाकलं की सगळं डोकं पुढे ओतल्यासारखं होतं. सकाळी ओव्याची वाफ. पातेलं, डोक्यावर टॉवेल, दहा मिनिटं. डावी नाकपुडी सुटली, वीस मिनिटांत परत बंद. वासाचा पत्ता नाही.

सासूबाई : "ओवा जुना असेल."
ओवा गेल्या आठवड्यात आणलाय. वाद घातला नाही.

कारखान्यात केवडा एसेन्सची बॅच. कागदाची पट्टी बुडवली, नाकाशी धरली. काही नाही. गोपसेठ समोर उभे. "बोलो अदी, कैसा है?" मी म्हणाले, ठीक आहे. रजिस्टरात रंग, घनता, वास, तिन्ही रकाने भरले आणि खाली सही केली. रंग पाहिला होता. घनता मोजली होती.

७ नोव्हें.

काल लिहिलं त्यावरून वाटेल की अशी सही पहिल्यांदाच केली. तसं नाही. नाक दिवाळीआधी बंद झालं. तेव्हापासून पाच बॅच गेल्या. गुलाब दोन, खस एक, वेलची दोन. पाचही ठिकाणी "वास : ठीक". ही वही मीच वाचणार, तरी माझ्यापासूनसुद्धा लपवायला निघाले होते.

सांगत का नाही? घनता कुणीही मोजेल. बी.एस्सी. झालेल्या मुलींचे अर्ज दर महिन्याला येतात. अकरा वर्षं मला ठेवलंय ते नाकासाठी. सेठ गिऱ्हाइकांना सांगतात, "हमारी अदी की नाक मशीन है." अदी म्हणजे त्यांच्या सिंधीत ताई. वाईट माणूस नाही. म्हणूनच सांगवत नाही, की हेही कारणच?

११ नोव्हें.

कल्याणच्या डॉक्टरांनी थेंब दिले होते, "पाच दिवस, जास्त नाही" असं बजावून. मी नऊ दिवस टाकले. मोजून नऊ. थेंब टाकले की अर्धा तास स्वर्ग. आता थेंब बंद केले तर नाक आधीपेक्षा घट्ट. चूक माझी. पुढचा उपाय ते सांगतात तो सुई घालून सायनस धुण्याचा. सुईची भीती वाटते. घरचे उपाय आधी नीट करून बघते. नीट म्हणजे एका वेळी एकच, तीन दिवस, लिहून ठेवून. नाहीतर कशाने काय झालं ते कळणार कसं?

१५ नोव्हें.

जो भेटतो तो वैद्य.
वरच्या मजल्यावरच्या पुष्पाभाभी : मिरी आणि खडीसाखर, रात्री, वर पाणी नाही.
शिपाई : दही बंद. (दही मी खातच नाही.)
रिक्षावाला, दोनदा शिंकले तेवढ्यावर : "मॅडम, सकाळी नाकाने पाणी प्यायचं. आपुन बारा साल पितो."
मनोहर : "तू डोकं धुऊन पंख्याखाली बसतेस."
"पंखा महिनाभर बंद आहे."
"तेच म्हणतो, आधी बसलीस."
अठरा वर्षं संसार केलाय या माणसाशी.

मिरी-खडीसाखर तीन दिवस. परिणाम : तहान.

१९ नोव्हें., रविवार

जलनेती. तोटीचा लोटा नाही, चहाची किटली घासून घेतली. पाणी उकळून कोमट केलं. मीठ काल कारखान्यातल्या काट्यावर तोलून पुडी बांधून आणलं, लिटरला नऊ ग्रॅम. मीठ कमी झालं तर नाकात झोंबतं, ते टळलं. मान तिरकी, तोंड उघडं. उजवीकडून ओतलं, बराच वेळ काही नाही, मग डावीकडून धार.
मनोहर दारात : "हत्तीण दिसतेस."

पण खरं सांगायचं तर आतापर्यंत सगळ्यांत बरा उपाय हाच. गालाचा दाब दोन तास निम्मा झाला. आनंदाने चहाच्या डब्यात नाक घातलं.
नाही.
श्वास जातो, वास येत नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

२४ नोव्हें.

सुंठ उगाळून कपाळाला लेप. सासूबाईंनी स्वतः लावला, प्रेमाने, जाड. "चुरचुरलं म्हणजे काम करतंय." अर्ध्या तासाने धुतला तर कपाळावर आडवा लाल पट्टा. तो घेऊन कामावर.
गोपसेठ : "अदी, आप लोग तो टीका नहीं लगाते ना?"
"सुंठ आहे सेठ. डोकं दुखतं."
"मेरी अम्मा भी लगाती थी. सर्दी है क्या? नाक तो ठीक है?"
आता सांगायचं. दार उघडं होतं. मी म्हणाले, "नाक ठीक आहे."
सही करणं वेगळं. आज तोंडाने बोलले.

२८ नोव्हें.

सासूबाईंची पुरचुंडी. ओवा भाजून, वेखंडाचा तुकडा कुटून, कापराच्या सहा वड्या, जुन्या लुगड्याच्या मऊ चिंधीत. तासातासाला हुंगायची. आत गार वाटतं. ते गारपण म्हणजे वास नव्हे, पण काही नसण्यापेक्षा बरं.

पॅकिंगच्या भिंतीवर नियम आहे : गजरा, सुगंधी तेल, बाम, कापूर, पावडर लावून आत येऊ नये. पाच वर्षांपूर्वी मीच लिहून लावला. एसेन्स उघडं असतं, कुठलाही वास धरतं. म्हणून पुरचुंडी आत नेत नाही. बाहेरच्या लोखंडी कपाटात ठेवते, बुचांच्या पिशवीशेजारी. कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते. नियम मोडत नाही, एवढं तरी.

६ डिसेंबर

चैत्यभूमीला जाऊन आलो, तिघं. सासूबाईंचे पाय सुजले तरी रांगेत बसल्या नाहीत. हजारो मेणबत्त्या, अगरबत्त्या. दर वर्षी तो वास साडीत घरी येतो आणि मी ती साडी दोन दिवस धूत नाही. यंदा साडी हुंगली. सुताची घडी, बस्स.

पंचशील म्हणताना चौथ्याला, खोटं बोलणार नाही म्हणतो तिथे, आवाज गेला. सासूबाई म्हणाल्या, "नाक चोंदलंय पोरीचं." मी मान डोलावली.

११ डिसें.

यमुना पॅकिंगला आहे, तीन वर्षं. बदलापूरपुढे बारवीकडच्या पाड्यावरून येते. बुचं बसवते, लेबल लावते. आज गुलाबाची पट्टी मी नाकाशी धरून बसले होते. ती बाटल्या न्यायला आली, म्हणाली, "बाय, जास्त येळ झाला. आजारलाय का नाक?"
काय वाटलं कुणास ठाऊक, पट्टी तिच्या हातात दिली. "तुला काय येतं?"
तिने लांबूनच एकदा हुंगली. "गुलाब हाय. पन मागं कायतरी करपलाय. दूध लागल्यावानी."
नमुन्याची जुनी बाटली दिली. "ह्याच्यात नाय करपलेला."
बॅच परत गाळायला पाठवली. सेठना सांगितलं, मला करपट वाटतंय. "वाह अदी!"
वाह अदी.

१५ डिसें.

चार दिवसांत तीन बॅच यमुनेच्या नाकाने. तिला शब्द माहीत नाहीत, पण उपमा अचूक. खस : "पाऊस पडून गेल्यावरचा बांध." वेलची : "ठीक. पन बुळी, जोर नाय." मी ते माझ्या भाषेत करून लिहिते आणि खाली माझी सही.

तिला काय मिळतं यातून? काही नाही. विचारलं तर म्हणाली, "हुंगायला काय पडतं, बाय?"
खोटी सही निदान खरी झाली, असं मनाला सांगतेय. अर्धं खरं आहे ते.

२१ डिसें.

यमुनेच्या धाकटीला सर्दी. दोन दिवस झोप नाही म्हणाली. माझी पुरचुंडी कपाटातून काढली, अर्धं सामान वेगळ्या चिंधीत बांधून तिला दिलं. "पदराला बांध, घरी ने, उशाशी ठेव." आनंदली. तिला काही देता आलं म्हणून मलाही बरं वाटलं.

माझ्या पुरचुंडीत नवा कापूर घातला. दाब तसाच. तुपाचे दोन थेंब नाकात, आठवा दिवस. कोरडेपणा कमी. बाकी शून्य.

९ जानेवारी १९९०, मंगळवार

डिसेंबरअखेर भरलेल्या केवड्याच्या पेट्या परत आल्या. पुण्याचा मिठाईवाला. सेठनी टेबलावर बाटली उघडली, हुंगली, माझ्याकडे सरकवली. "इसमें कपूर है. है ना?"
मी हुंगली. पाणी हुंगल्यासारखं.
"हो," म्हणाले. "आहे."

मग पॅकिंगच्या सगळ्या बायकांना रांगेत उभं केलं. यमुनेच्या पदराची गाठ. सेठनी सोडायला लावली. चिंधी, ओवा, कापराचे दोन कण. भिंतीवरचा नियम माझ्या अक्षरातला. सेठनी तोच मोठ्याने वाचला.
"ये किसने दिया?"
यमुनेने माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग म्हणाली, "घरचा हाय."
"कलसे मत आना. बुलाऊंगा तब आना."
ती गेली. मी तिथेच होते. दोन हातांवर.

१० जाने.

बघू या, नीट. केवडा भरला त्या दिवशी ती चिंधी तिच्या पदराला होती का? असू शकेल. पदरातून बंद बाटलीत कापूर जाईल का? पेट्याच्या पेट्या? अवघड आहे, पण अशक्य नाही. "अशक्य नाही" हे मला सोयीचं आहे म्हणून जास्त पटतंय.

आणि समजा तिच्यामुळेच झालं, तरी चिंधी माझी.

सेठकडे गेले नाही. उद्या.

१३ जाने.

तीन "उद्या" झाले.

या आठवड्यात काय केलं ते लिहिते म्हणजे लाज वाटेल. वाफ दिवसातून चार वेळा. कालच्या वाफेत नीलगिरी जास्त पडली, डोळे तासभर जळत होते. आलं-गुळाचा काढा. लसूण कच्ची. तव्यावर गरम मिठाची पिशवी गालावर, कातडी भाजली. एका वेळी एकच उपाय, तीन दिवस, हे केव्हाच सुटलं. मनात एकच : वास परत आला तर सांगायची गरजच पडणार नाही.
म्हणजे नाक मोकळं करण्यासाठी चाललेलं नाही हे. तोंड बंद ठेवण्यासाठी चाललंय.

मनोहरला आज सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "तिच्या घरी खातं कोण कोण?"
मला माहीत नव्हतं. तीन वर्षं.

१६ जाने.

कपाटातून पुरचुंडी काढली. गाठ ढिली लागली म्हणून उघडली. ओवा आहे, वेखंड आहे. कापराच्या वड्या नाहीत. एकवीस तारखेला नव्या घातल्या होत्या, त्यातली एक चिमूट उरली नाही.
कापूर उडून जातो. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या मुलीलाही माहीत असतं.
उडून गेला कुठे? बंद लोखंडी कपाट. शेजारी बुचांची पिशवी, तोंड उघडं. पावसाळ्यात बुचांना कुबट वास लागू नये म्हणून ती तिथे मीच ठेवली. मीच कुलूप लावलं.

बॅच भरायच्या आधी यमुना हुंगायची तेव्हा केवडा ठीकच होता. बूच त्यानंतर बसतं.

दोन बुचं कपाटातली, दोन गोदामातल्या बंद पोत्यातली. घरी नेली. चार वाट्या, खाली पेन्सिलने आकडे. सासूबाईंना डोळे मिटून हुंगायला लावलं. "एक आणि चार, कापूर. हे काय खेळ लावलेत?" वाट्या फिरवल्या. मनोहर : तीच दोन. पुन्हा फिरवल्या. तीच.
तीन वेळा केलं. चौथ्यांदा करणार होते, मनोहरने वाट्या उचलून मोरीत ठेवल्या. "झालं की आता."

१९ जाने.

सेठ लग्नाला अजमेरला. सोमवारी येणार. सुटल्यासारखं वाटलं, हे नोंदवून ठेवते.

२१ जाने., रविवार

यमुनेकडे जाऊन आले. बदलापूरहून बारवी रस्त्याने टमटम, पुढे चालत. मनोहर येतो म्हणाला, नको म्हटलं. भाताची खाचरं कापून मोकळी. घर शेवटचं. ती लाकडं रचत होती. हात थांबले नाहीत.
"बसा बाय."
सगळं सांगितलं. बुचं, कपाट, कापूर, वाट्या. नाकाचंही. म्हणाली, "नाकाचा मना ठावं होता. दिवालीपासना."
"मग तू त्या दिवशी माझं नाव का नाही घेतलंस?"
"तुमी उभ्या होत्या ना तिथं. मना वाटला तुमीच घ्याल."


तिची सासू आतून, माझं नाक वाजताना ऐकून : "रानातली देवडांगरी हाय, फुकू काय नाकात? भडाभडा पानी जाईल."
यमुना : "नको गं म्हातारे. बायचा नाक आधीच जलला हाय." आणि हसली. पहिल्यांदाच.

कामावर येशील का विचारलं. "शेटला आधी सांगा, ती चिंदी कोनाची. मंग बघू. येईन, नायतर ईटभट्टी हायेच." निघताना मूठभर वाल दिले. घ्यावेत की नाही कळेना. घेतले.

घरात पाच माणसं खातात.

२२ जाने.

सांगितलं. दार लावून, उभ्याने. आधी चिंधी, मग बुचं, मग नाक. हा क्रम मुद्दाम. नाक आधी सांगितलं असतं तर दया आली असती.

सेठनी काचेचा पेपरवेट फिरवला. "कबसे?"
"दिवाळीच्या आधीपासून."
"और सब माल पास किसने किया?"
"डिसेंबरपर्यंत कुणीच नाही. नंतर यमुनेने."
"उस पैकिंगवाली ने? वो करपट गुलाब?"
"तिनेच."
ते हसले. मग हसू गेलं. "अदी, मैं पार्टी को क्या बोलता था आपके लिए. मालूम है ना?"
मालूम है.

यमुनेला निरोप पाठवायला तयार झाले. मी म्हटलं, वासाच्या रकान्यात तिची सही हवी. तिला सही येते, चौथी शिकलीय. सेठ : "बाटली भरनेवाली की साइन? मार्केट हँसेगा." माझं काय, ते बोलले नाहीत. मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं का? की न विचारणंच बरोबर?

बुचांची पिशवी सगळी बाहेर काढली. कपाट उघडं ठेवलंय. वास गेला की नाही ते मला कळणार नाही.

२४ जाने.

निरोप परवाच गेला. यमुना काल आली नाही. आज नाही.

गुलाबाची बॅच तयार. रंग पाहिला, लिहिला. घनता मोजली, लिहिली. वासाचा रकाना कोरा. खाली सही केली नाही. सेठ दोनदा येऊन बघून गेले. दुसऱ्यांदा म्हणाले, "लिख दो ना, ठीक. अभी तक भी तो लिखती थीं." चिडून नाही, थकून. मी पेन बंद केलं. फ्लास्कवर काच ठेवली. गुलाब तसाच झाकलेला आहे.

कल्याणच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली. सुई तर सुई. वाफ आज एकदाच, साधी, पाण्याची. जलनेती सकाळी. बाकी सगळं बंद.

संध्याकाळी वाल सोलत बसले होते, तव्यावर भाकरी. सासूबाई बाहेरून ओरडल्या, "करपतेय गं!" पण त्या ओरडल्या तेव्हा मी तवा उतरवलेला होता. धूर दिसला म्हणून उतरवला, की
नक्की नाही. मागे वळून दहा वेळा आठवून बघितलं. नक्की नाही.
म्हणून लिहीत नाही.